अब्बांची दोन दिवसांची फेरी

वाचकहो, या महिन्यात दहावीला बसलेल्या मुलांच्या आयांविषयी लिहायचं ठरवलं होतं. तो विषय आता पुढच्या अंकात. सध्या मी खुर्चीवर उशी आणि उशीवर दुमडलेली गोधडी ठेवून लिहितो आहे, आणि उजव्या हाताची करंगळी अजून पुरती जागी झालेली नाही. अशा अवस्थेत माणसाला दुसरं काही सुचत नाही.

माझे मरहूम अब्बा डहाणूतल्या एका बेकरीचा माल सायकलवर घालून विकायचे. खारी, टोस्ट, बटर, नानकटाई. कॅरिअरवर पत्र्याची मोठी पेटी, तिच्यावर मेणकापड, हँडलला दोन पिशव्या. आठवड्यातून दोनदा त्यांची दोन दिवसांची फेरी असायची. पहिल्या दिवशी डहाणू रोडहून आशागड, गंजाड, चारोटी, कासा, तिथून सायवन आणि उधव्याच्या बाजूने तलासरी. मुक्काम तलासरीला. दुसऱ्या दिवशी महामार्गाने चारोटीपर्यंत यायचं आणि तिथून घर. वाटेतल्या पाड्यांवर आत शिरायचं ते वेगळंच. कुणी पैसे द्यायचं, कुणी अंडी, कुणी ओंजळभर तांदूळ. जवळजवळ वीस वर्षं त्यांनी हे केलं. पुढे बेकरीने टेम्पो घेतला आणि अब्बांची सायकल भिंतीला टेकली ती टेकलीच.

आम्हा भावंडांना त्या फेरीतलं दोनच गोष्टींशी देणंघेणं होतं. एक, पेटीच्या तळाशी साचलेला खारीचा चुरा. अब्बा अंगणात पेटी उतरवायचे आणि आम्ही वर्तमानपत्राचा कागद घेऊन उभे. ज्या दिवशी चुरा जास्त, त्या दिवशी आमची ईद. दुसरी गोष्ट रात्रीची. अम्मी मोहरीचं तेल गरम करून आणायची आणि आमच्यापैकी एकाला अब्बांचे पाय चेपावे लागायचे. मी त्या वेळी हमखास झोपलेला असायचो. म्हणजे डोळे मिटून पडलेला असायचो. धाकटी बहीण बिचारी चेपत बसायची.

तिचा मुलगा बोईसरला एका कारखान्यात नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी सायकल चालवतो. डिसेंबरात घरी आला होता, तेव्हा म्हणाला, "मामू, नानांची फेरी एकदा आपण करू या. दोन दिवस, थंडी आहे तोवर." मी ताबडतोब हो म्हणालो. वय ५४, साखर काठावर, रोज सकाळी समुद्रावर तासभर चालणं. हिशेब सरळ होता. अब्बांच्या सायकलला पुढे ४४ दात्यांचं चक्र आणि मागे १८ दात्यांचं फ्रीव्हील. पायडल एकदा फिरवलं की सायकल सव्वापाच मीटरच्या पुढे जायची, चढ असो की सपाटी. नुसती सायकल वीस किलोची, वर पेटी. भाच्याने माझ्यासाठी आणलेल्या सायकलला २१ गिअर. सगळ्यात हलक्या गिअरवर पायडलच्या एका फेरीला ती जेमतेम दोन मीटर सरकते. म्हणजे अब्बांच्या निम्म्याहून कमी जोरात माझा चढ पार व्हायला हवा. पाठीवर ओझं नाही, रस्ता डांबरी, बरोबर तरणाबांड भाचा. घरात मी एवढंच सांगितलं, "कासापर्यंत जाऊन येतो." बेगमने माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. हे लक्षण चांगलं नसतं हे संसारी वाचकांना सांगायला नको.

फजर पढून निघालो. डहाणू रोडपासून आशागडकडे जाताना दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या, हवेत गारवा, आणि मी भाच्याच्या पुढे. गंजाडपर्यंत मी पुढेच होतो. गंजाड हे जिव्या सोमा मशे यांचं गाव. वारली चित्रकलेला जगभर नेणाऱ्या या माणसाला २०११ साली पद्मश्री मिळाली. अब्बांना ते सगळं माहीत नव्हतं. पण भिंतीवरच्या पांढऱ्या चित्रांतली माणसं डोक्यावर ओझं घेऊन चढतात तेव्हा कमरेत कशी वाकतात, हे ते आम्हाला स्वतः वाकून दाखवायचे.

या भागात सायकल चालवताना फसगत होते ती अशी की इथे मोठा घाट नाही. कसाऱ्यासारखा एकच लांब चढ असेल तर माणूस पहिल्याच वळणावर शहाणा होतो, हलका गिअर टाकतो, श्वास लावतो आणि तासभर तसाच जातो. डहाणू आणि तलासरीच्या पूर्वेकडचा रस्ता समुद्राच्या लाटांसारखा आहे. अर्धा किलोमीटर चढ, ओढा, पूल, पुन्हा चढ. उताराचा जोर पुढच्या चढावर नेईल असं वाटून आपण जोरात पायडल मारतो, आणि तो जोर चढाच्या निम्म्यातच संपतो. मग उभं राहून रेटायचं. असं दहा वेळा केलं की मांड्यांत साठवलेली साखर उडून जाते. जोराच्या मेहनतीत हा साठा दीड-दोन तासच पुरतो, म्हणून भूक लागण्याआधी खायचं असतं. भाचा दर अर्ध्या तासाने म्हणत होता, "मामू, चिकू घ्या." मी साखरेचं कारण सांगत होतो. खरं कारण असं की थांबायचं नव्हतं.

कासाला पोचलो तेव्हा शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते. तिथे दोन चिकू, चहा, पाव आणि ऑम्लेट खाल्लं. पुढे सायवनच्या रस्त्याला गंभीरगडाचा डोंगर दिसत राहतो, भात कापून झालेली खाचरं, सागाची सुकी पानं रस्त्यावर आवाज करत फिरणारी. एका चढावर शाळेच्या गणवेशातल्या पाच-सहा मुली सायकली हाताने ढकलत, गप्पा मारत चालल्या होत्या. राज्यात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत असेल तर. मी त्यांच्या बाजूने दात-ओठ खात, उभं राहून पायडल मारत वर गेलो. एकीने "काका, गाडी जड झाली का?" असं विचारलं आणि बाकीच्या खळखळून हसल्या. वर पोचून मी पाणी पीत उभा राहिलो. तेवढ्यात त्या आल्या, सायकलींवर बसल्या आणि उतारावरून भर्रकन निघून गेल्या. पुढच्या चढावर पुन्हा मी त्यांना गाठलं. असं तीनदा झालं. त्या गावात वळल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घामही नव्हता.

उधव्यापासून पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. उजवा गुडघा समोरून, वाटीच्या खाली दुखू लागला होता. भाच्याने थांबवून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. सायकलची सीट मीच सकाळी खाली करून घेतली होती, पाय जमिनीला टेकले म्हणजे धीर वाटतो म्हणून. सीट खाली असली की प्रत्येक फेरीत गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडतो आणि सगळा भार वाटीवर येतो. घरी कुणी सायकल चालवत असेल तर एवढं बघा: सीटवर बसून पायडल सगळ्यात खाली न्यायचं, त्यावर टाच ठेवायची, पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. त्याने सीट वर केली. पण दिवसभर घासलेल्या गुडघ्याला ती बातमी उशिरा पोचली.

तलासरीत अब्बांच्या वेळच्या एका दुकानदाराच्या घरी मुक्काम होता. दुकान आता मुलगा सांभाळतो. त्याच्या वडिलांच्या ओट्यावर अब्बा झोपायचे. इशाला मशिदीत गेलो आणि पहिल्याच सजद्यातून उठताना मांड्यांनी साफ नकार दिला. दोन्ही हात टेकून, शेजारच्या नमाजीच्या खांद्याचा जवळजवळ आधार घेत उठलो. त्यातून विनोद असा की दिवसभरात आमचे सत्तरच्या आसपास किलोमीटर झाले होते. मुसाफिराला कसरची सवलत मिळायला उलेमा साधारण ७७ ते ८२ किलोमीटरचं अंतर सांगतात. म्हणजे थोडक्यात हुकली. चारच्या चार रकाती पुऱ्या. भाचा सलाम फेरल्यावर तोंड दाबून हसत होता. आजाऱ्याला बसून नमाज पढायची मुभा आहे हे मला माहीत आहे, दुसऱ्यांना मी ते सांगतोही. पण मागे कोपऱ्यात खुर्ची रिकामी होती आणि मी तिच्याकडे बघितलं नाही.

रात्री झोप आली नाही. ओट्यावरून तलासरीचा रस्ता दिसत होता. इथून जवळच्या झरी गावी २३ मे १९४५ रोजी वारली जमले आणि त्यांनी वेठ करायची नाही असं ठरवलं. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ती हकिगत लिहिली आहे. १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. हा सगळा मुलूख त्यांनी पायी तुडवला होता. अब्बा इथे आले ते त्यानंतर वीसेक वर्षांनी, म्हणजे त्यांच्याकडून टोस्ट घेणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी कितीजण त्या सभेला असतील. विचारायला अब्बा नाहीत. असले, तरी त्यांनी मला काय सांगितलं असतं? मी त्यांना कधी काही विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवर बसलो आणि पुन्हा उठलो. बसता येईना. न सरावलेल्या स्नायूंच्या तंतूंना मेहनतीत बारीक बारीक इजा होते आणि त्यांचं दुखणं त्याच दिवशी नव्हे, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. लोक लॅक्टिक ॲसिडला दोष देतात, ते तर तासाभरातच निघून गेलेलं असतं. पण बैठकीची हाडं दुखतात त्याला कुठलंच शास्त्र लागत नाही. भाच्याने टॉवेलची घडी सीटवर बांधली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सुन्न झालं होतं, कारण आदल्या दिवशी चढ चढताना तळहाताच्या बाहेरच्या कडेवर सगळं अंग टाकून मी हँडल दाबलं होतं. तिथून एक नस जाते. हात अधूनमधून हलवायचा असतो, पकड बदलायची असते.

महामार्गाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ट्रक, धूळ, दापचरीला उभ्या मालगाड्यांची रांग. धुंदलवाडीच्या बाजूला आलो तेव्हा भाच्याने विचारलं की भूकंपाचं गाव ते हेच का. हेच. नोव्हेंबर २०१८ पासून या भागात धक्के सुरू झाले आणि लोकांनी थंडीच्या रात्री घराबाहेर तंबूत काढल्या. आपण दोन दिवस अंग दुखतंय म्हणून कण्हत जातो आणि बाजूच्या घरात माणसं महिनोन् महिने धड झोपली नव्हती. मी पाच मिनिटं गप्प राहिलो. मग पुन्हा कण्हू लागलो.

चारोटीला चहाच्या टपरीवर मुंबईहून आलेले चार सायकलस्वार भेटले. घट्ट कपडे, डोक्याला शिरस्त्राण, खिशात केळी. भाच्याला ती मंडळी म्हणजे पीर-औलिया. त्याने मला समजावलं की लांब पल्ल्याच्या या प्रकाराचे नियम फ्रान्समधून आलेले आहेत. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत पूर्ण करायचे. पहिला-दुसरा नंबर नाही, फक्त वेळेत पोचायचं. दर चार वर्षांनी पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायची १२०० किलोमीटरची फेरी असते, तिला नव्वद तास मिळतात. मी त्यांच्यातल्या वयस्करांना विचारलं, दुखत नाही का? ते म्हणाले, "दुखतं. पण आम्हाला माहीत असतं की दुखणार आहे. घरी सांगून निघतो." मी चहाकडे बघत राहिलो. बेगमचे सात मिस कॉल होते.

मग तो चढ. चारोटी सोडून डहाणूकडे वळलं की रानशेतच्या बाजूला रस्ता वर चढतो. गाडीतून मी तिथून शेकडो वेळा गेलो असेन आणि मला तिथे चढ आहे हे ठाऊकही नव्हतं. ऊन डोक्यावर. सगळ्यात हलका गिअर, आणि तरी पायडल एका जागी अडकल्यासारखं. डावा पाय ढकलतोय, उजवा नुसता बरोबर फिरतोय. माणूस चालला असता तर माझ्या पुढे गेला असता. भाचा बाजूला येऊन म्हणाला, "मामू, उतरा. थोडं चालू या." मी म्हणालो, नाही. "मामू, गुडघा जाईल." मी ओरडलो त्याच्यावर. म्हणालो, "तुझे नाना पेटी लादून गेले या चढावरून. एका गिअरवर. वीस वर्षं. ते उतरले नाहीत, मी उतरू?" तो मागे राहिला. पुढची दहा-बारा मिनिटं मी रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांशिवाय काही पाहिलं नाही. एक पट्टी, मग दुसरी. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते घामाचं होतं असं मी भाच्याला सांगितलं आहे आणि तुम्हालाही तेच सांगतो.

वर पोचलो. उतरताना गुडघा वाकेना, म्हणून सायकलसकट बांधावर कलंडलो. भाच्याने पाणी दिलं, त्यात मीठ-साखरेची पुडी घातली होती. तो काही बोलला नाही. ओरडल्याबद्दल मी त्याची माफी घरी पोचल्यावर मागितली. तिथेच मागायला हवी होती.

घरी बेगमने दार उघडलं, मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाली, "कासा फारच लांब गेलं वाटतं." अम्मी खाटेवर तस्बीह घेऊन बसली होती. तिचं वय आता ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येतं, आठवतं सगळं. मी तिच्या शेजारी हळूच टेकलो आणि सगळी फेरी सांगितली, चढासकट. अभिमानाने सांगितली. अब्बांसारखा एकदाही उतरलो नाही, हेही.

अम्मीने तस्बीह थांबवली. "तुला कुणी सांगितलं ते उतरायचे नाहीत म्हणून?"

मी गप्प.

"प्रत्येक चढाला उतरायचे. उभं राहून पायडल मारलं की पेटी डावी-उजवी हलते, खारी मोडते. उतारालाही उतरायचे, तिथे खड्डे. अर्धा रस्ता पायीच. म्हणून तर दोन दिवस लागायचे, नाहीतर तेवढ्या वाटेला दोन दिवस कशाला? मोडलेली खारी बेकरीवाला परत घेत नव्हता. चुऱ्याचे पैसे त्यांच्या कमिशनातून कापायचा."

वर्तमानपत्राचा कागद धरून अंगणात उभी असलेली आम्ही चार पोरं माझ्या डोळ्यांपुढे आली. चुरा जास्त निघावा म्हणून धाकट्या भावाने एकदा दुआही मागितली होती आणि आम्ही आमीन म्हटलं होतं.

"मग आमच्यासाठी चुरा रोज कसा असायचा?" मी विचारलं.

"रोज कुठे? तुम्ही दारात उभे राहायचात ते त्यांना लांबून दिसायचं." अम्मीने पुन्हा तस्बीह हातात घेतली. "आधीच्या खेपेला तुम्ही रिकामा कागद घेऊन परत गेलेले असलात, की शेवटच्या उताराला उतरायचे नाहीत. तसेच बसून यायचे, खडखडत. मी म्हणायचे, आठ आणे गेले. म्हणायचे, जाऊ दे."

भाचा दारात सायकल पुसत होता, तो थांबला.

संध्याकाळी बहीण आली. तेल गरम करून मागितलं नव्हतं तरी तिने आणलं. माझा पाय मांडीवर घेतला तेव्हा मी म्हणालो, राहू दे, तू लहानपणी पुष्कळ चेपलेस. ती म्हणाली, "तू झोपलेला नसायचास, ते अब्बांना माहीत होतं." आणि अंगठा नेमका गुडघ्याच्या खाली, जिथे दुखत होतं तिथे दाबला.